शांत दिवसांची नोंद

२६ डिसेंबर २००४. मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हलला आणि अडीचेक तासांनी चेन्नईच्या भरतीमापकाने सुनामी टिपली. पण ती भरती-ओहोटीच्या चढउतारावर स्वार झालेली. म्हणून आधी भरती वजा करायची. हे काम त्यातल्या त्यात सोपं. चंद्र-सूर्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मुख्य चांद्र भरतीचं आवर्तन (म्हणजे एका पूर्ण चढउताराला लागणारा वेळ) १२ तास २५ मिनिटांचं. असे घटक जुन्या नोंदींतून काढायचे, त्या दिवसाची भरती मांडायची, प्रत्यक्ष पातळीतून वजा करायची. उरते ती थरथर.

ती थरथर म्हणजेच सुनामी, असं आपण पटकन म्हणून टाकतो. गोम तिथेच आहे. पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा. ढकलतात तुमची पावलं, पण परातीला स्वतःचा ठेका असतो. पावलं त्या ठेक्याशी जुळली की पाणी सांडलंच. बंदराचंही तसंच. १० किलोमीटर लांब, १० मीटर खोल आणि एका तोंडाने समुद्राला खुली असलेली खाडी घ्या. तिचं मूळ आवर्तन हिशेबाने ६७ मिनिटं येतं. लाट कुठूनही येवो, ही खाडी तिला आपल्याच ठेक्यात डोलवणार!

मग लाटेचं किती आणि खाडीचं किती? समुद्रशास्त्रज्ञ अलेक्झांडर रॅबिनोविच यांनी १९९७ मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडते. सुनामीच्या आधीचे शांत दिवस घ्या. तेव्हाही वाऱ्याने, हवेच्या दाबाने बंदर थोडं हलत असतंच. त्या हालचालीचा वर्णपट काढा, म्हणजे कुठल्या आवर्तनात किती ऊर्जा आहे याचा आलेख. सुनामीच्या वर्णपटाला त्याने भागा. बंदराचा ठेका दोन्हीकडे असल्यामुळे बराचसा कटतो. वेगवेगळ्या बंदरांच्या भागाकारांत जे सारखं उरतं, ते उगमाकडून आलेलं. उगम रुंद असेल तर आवर्तन लांब: १०० किलोमीटर रुंदीचा पट्टा २००० मीटर खोल पाण्याखाली उचलला गेला, तर साधारण २४ मिनिटं.

अर्थात, नोंद तासातून एकदाच घेतलेली असेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. २००४ नंतर मिनिटामिनिटाच्या नोंदींचा आग्रह धरला गेला तो याचसाठी.

कागदी नोंदींचं तसं नाही. तिथे रेघ अखंड असते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याची सुनामी मुंबईत अपोलो बंदरच्या भरतीमापकावर उमटली. अशा यंत्रात फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर लेखणी रेघ ओढत असते. नळकांडं फिरवणारं घड्याळ १० मिनिटं मागे असलं, तर लाट पोहोचल्याची वेळ तेवढीच चुकते. दोन शिखरांमधलं अंतर मात्र जवळपास तेच राहतं. म्हणून जुना कागद हाती आला की मी आधी वेळ वाचत नाही, आवर्तन मोजतो.