श्टुटगार्टची बाग आणि जमिनीखालचं स्टेशन

(दृश्य: ड्रोनमधून दरी, बाग, शेजारी रेल्वेचे रूळ)

जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर खोलगट दरीत वसलंय. दरीच्या तळाशी राजवाड्यापासून नेकार नदीच्या दिशेने जाणारी बाग म्हणजे श्लॉसगार्टन. 1808 पासून व्युर्टेमबर्गच्या राजाने ती घडवून घेतली. तिला लागूनच मुख्य स्टेशन. मुंबईच्या सीएसएमटीसारखं, गाडी ज्या बाजूने येते त्याच बाजूने बाहेर पडते.

1994 मध्ये हे स्टेशन बदलणारा 'श्टुटगार्ट 21' प्रकल्प जाहीर झाला. वरच्या 16 रुळांऐवजी जमिनीखाली 8 रूळ, तेही नव्वद अंशांनी वळवलेले, म्हणजे गाडी थेट आरपार जाईल. पण स्टेशन दरीत आडवं पडलं की त्याचा खड्डा बागेतच येणार.

(दृश्य: 30 सप्टेंबर 2010, पाण्याचे फवारे)

जर्मन कायद्यानुसार पक्ष्यांच्या विणीमुळे 1 मार्च ते 30 सप्टेंबर झाडं तोडता येत नाहीत. म्हणून 30 सप्टेंबरलाच पोलीस बागेत शिरले. समोर झाडं वाचवायला जमलेले आंदोलक होते, त्यांत शाळकरी मुलंही होती. पाण्याचा मारा झाला, मिरचीचा फवारा मारला गेला. शंभराहून जास्त माणसं जखमी झाली, काहींचे डोळे कायमचे अधू झाले. मध्यरात्र उलटली आणि 25 झाडं पडली. 2015 मध्ये न्यायालयाने ही कारवाई बेकायदा ठरवली: आंदोलकांचा जमाव ही राज्यघटनेचं संरक्षण असलेली सभा होती.

लोक ज्या झाडांना बिलगले, ती जुनी का महत्त्वाची? ढोलीमुळे. म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत कुजलेल्या लाकडाचा भुसा साठतो आणि त्यातच एका दुर्मीळ, संरक्षित भुंग्याची अळी तीन-चार वर्षं वाढते. हा भुंगा फार लांब उडत नाही, त्यामुळे जवळपास दुसरी ढोली नसेल तर वंश तिथेच थांबतो.

झाडं हलवता येतात, पण मुळांचा गोळा खोडाच्या जाडीच्या साधारण दहापट रुंद हवा. अर्ध्या मीटरच्या खोडाला पाच मीटरचा गोळा. दोनशे वर्षांच्या झाडाला हे जमत नाही. पाणी शोषणारी बारीक मुळं त्या गोळ्याबाहेरच राहतात. 2011 च्या सार्वमतात राज्यात मत देणाऱ्यांपैकी 58.9 टक्के लोकांनी प्रकल्पातून माघार घ्यायला नकार दिला. फेब्रुवारी 2012 मध्ये, झाडतोडीची बंदी लागू होण्याआधी, आंदोलकांचे तंबू हटवून उरलेली झाडं काढली. काही यंत्राने उचलून दुसरीकडे लावली.

(दृश्य: रस्त्यांवरून जाणारे निळे पाइप)

मग प्रश्न आला पाण्याचा. खड्डा भूजलाच्या पातळीखाली जातो, आणि त्याहून खोल दाबाखालचं खनिज पाणी आहे, तेच शहरातल्या बाड कानश्टाट भागातल्या झऱ्यांना मिळतं. वरचं पाणी नुसतं उपसलं तर खालचं वर सरकेल आणि झरे आटतील. म्हणून उपसलेलं पाणी स्वच्छ करून विहिरींतून पुन्हा जमिनीत सोडलं. हे निळे पाइप त्यासाठीच.

प्रकल्पाचे समर्थक म्हणतात, वरचे रूळ गेले की बाग 20 हेक्टरने वाढेल. पण रूळ उखडल्याशिवाय तिथे एक रोपही लावता येत नाही, आणि त्या रोपात ढोली व्हायला शंभरेक वर्षं लागतात.