पाणबुडी मोटारीच्या टेबलावर बांधलेली २१ किलोंची सायकल

(दृश्य : पहाट. जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एका गावाच्या वेशीजवळचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान.)

दाराशी ओळीने मांडलेल्या या पाणबुडी, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या, मोटारी आसपासच्या केळीबागांतून दुरुस्तीला आलेल्या आहेत. व्होल्टेज घसरले की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग, म्हणजे आतले तांब्याच्या तारेचे वेढे, जळते. उन्हाळ्यात केळीला पाण्याचा खंड चालत नाही, म्हणून सकाळी खोललेली मोटार संध्याकाळी पुन्हा बोअरमध्ये उतरवण्याची प्रत्येकाला घाई असते. याच टेबलावर, तांब्याच्या तारेच्या रिळांशेजारी, दुकानाच्या तरुण मालकाने स्वतःसाठी विजेची सायकल बांधली. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि ती पाळी पुष्कळदा रात्रीची असते; गावापासून पाच किलोमीटरवरच्या मळ्यात अपरात्री जाऊन स्टार्टर दाबायचा, एवढ्या कामासाठी शंभर किलोंहून जड गाडी चिखलातून रेटायची त्याची तयारी नव्हती.

(दृश्य : उघडलेला हब, अगदी जवळून.)

मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी ही मोटार साधारण चार किलोंची आहे. आतल्या स्टॅम्पिंगवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी चकत्यांवर, तांब्याचे वेढे आहेत आणि त्यांच्याभोवती चुंबकांचे कडे फिरते. पंपाच्या मोटारीत चुंबक नसतात, एवढा फरक सोडला तर वेढे भरणाऱ्या हाताला हे यंत्र परके नाही. कड्याला लागून नायलॉनची तीन दातेरी चाके दिसतात, आणि या मोटारीचे सगळे बळ तेथे आहे. मोटार लहान असूनही वेगाने फिरू दिली की पुरेशी शक्ती देते. तो वेग दातेरी चाके सुमारे पाचपटीने उतरवतात आणि तितक्याच पटीने पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, वाढवतात. दातेरी चाके नसलेली थेट फिरणारी मोटार घेतली असती, तर चढावर तेवढाच पीळ मिळवण्यासाठी दोन-तीन किलो तांबे आणि लोखंड जास्त वाहावे लागले असते. चाकात मोटार बसवण्याची कल्पना मुळीच नवी नाही, कारण मागच्या चाकातील विजेच्या मोटारीचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीच मिळालेले आहे. तेव्हा हलकी बॅटरी नव्हती. लिथियम-आयन बॅटरी बाजारात येण्यासाठी १९९१ साल उजाडावे लागले.

(दृश्य : वर्तमानपत्रावर मांडलेले सेल, मल्टिमीटर, खडूच्या खुणा.)

हे ५२ सेल आहेत. प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेलही त्याने आधी तपासले होते. पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवल्यावर त्यांतील बरेच आपसूक उतरले, तेव्हा तो डबा त्याने बाजूला सारला आणि एकाच खेपेचे नवे सेल घेतले. चार सेल समांतर आणि असे तेरा गट एकामागे एक, अशी ही जोडणी आहे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असल्याने एकूण व्होल्टेज ५४.६ पर्यंत जाते. बाजारात याच बॅटरीला ४८ व्होल्टची म्हणतात.

सेलच्या धन टोकाभोवती तो जे कागदी कडे चिकटवत आहे, ते लेदरॉइड कागदाचे आहे. मोटारीच्या खाचांत तार भरण्यापूर्वी जो कागद घातला जातो, तोच हा कागद. धन टोक आणि सेलचे ऋण कवच यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर अंतर असते, आणि त्यावरून निकेलची पट्टी जाते. पट्टी स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे विजेचा क्षणभराचा डाग देऊन, जोडली आहे, कारण सोल्डरिंगच्या कावियाची उष्णता सेलला सोसत नाही. प्रत्येक डागानंतर तो पट्टीचे टोक पकडीने ओढून पाहतो. पट्टी फाटली आणि डाग सेलवरच राहिला, तर जोड पक्का. या एका परीक्षेत त्याचा संपूर्ण रविवार गेला, आणि तो सार्थकी लागला असे आम्हाला वाटते. शेवटी चौदा बारीक तारा संरक्षक सर्किटकडे गेल्या आहेत, कारण कोणताही एक गट जास्त भरला किंवा फार उतरला तर पुरवठा तोडायचा असतो.

बॅटरीची पेटी पीव्हीसीची आहे. पाण्याच्या मोठ्या पाइपचा तुकडा उभा चिरून, गरम करून, दोन लाद्यांमध्ये दाबून त्याने सपाट पत्रा तयार केला. पांढरा रंग उन्हासाठी दिलेला आहे. हे सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे, आणि जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारादेखील तेथवर पोहोचतो. त्यामुळे चार्जर पहाटे चार वाजता, ओट्यावर, तो स्वतः जागा असताना लागतो. शेजारी वाळूची बादली असते.

(दृश्य : पिळवटलेली केबल. त्यानंतर कानस.)

पहिल्या चाचणीत घडलेली चूक ही. मोटार चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने तिचा आस मागे फिरू पाहतो. नुसत्या नटांवर विसंबल्यामुळे आस चिमट्यात, म्हणजे चौकटीच्या ज्या खाचेत तो बसतो तिच्यात, गरकन फिरला आणि त्यातून जाणारी केबल पिळून तुटली. त्यानंतर आस पुन्हा फिरू नये म्हणून सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीत आसाच्या चपट्या भागाएवढी, दहा मिलिमीटरची खाच त्याने कानशीने पाडली. चौकट जुन्या पोलादी सायकलचीच ठेवली आहे, कारण ॲल्युमिनियमचा चिमटा असा पीळ न वाकता थेट तडकतो. मडगार्ड, साखळीचे झाकण आणि दुहेरी स्टँड काढून टाकल्यावर ही सायकल चौदा किलोंची उरली. मोटार, बॅटरी आणि मोटारीला हवी तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर धरून ती एकवीस किलो भरते.

कंट्रोलरमधून मोटारीकडे पिवळी, हिरवी आणि निळी अशा तीन तारा जातात, आणि त्या सहा प्रकारे जोडता येतात. क्रम चुकला की मोटार गुरगुरते, थरथरते आणि विनाकारण प्रवाह खाते. दोन फेज बदलले की पंप उलटा फिरतो, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणून चाक अधांतरी धरून क्रम शोधण्याचा हा प्रकार पाहायला जमलेल्यांपैकी कोणीही चकित झालेले दिसत नाही.

(दृश्य : सातपुड्याच्या पायथ्याकडे चढणारी गाडवाट. कॅरिअरवर केळीचा घड.)

माणूस, सायकल आणि घड मिळून सुमारे शंभर किलोंचा हा भार आहे. खडी सुटलेल्या या चढावर मोटार पुढच्या चाकात असती तर चाक जागीच घसरले असते. मीटरवर दहा अँपिअर, म्हणजे पाचशे वॅटच्या आसपास आकडा आहे आणि पायडल संथ फिरत आहेत. सपाट वाटेवर एका चार्जिंगमध्ये ती चाळीस किलोमीटर जाते आणि त्यासाठी वीज लागते अर्ध्या युनिटहून थोडी अधिक. २५० वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तरच अशा सायकलला नोंदणीची गरज नसते. ही त्या मर्यादेबाहेरची असल्याने तूर्त ती मळ्याच्या वाटेवरच चालते.

(दृश्य : रात्र. हँडलच्या दिव्याचा झोत, दोन्हीकडे केळीची पाने.)

बारा वाजून दहा मिनिटांनी पाळीची वीज आली आहे. सायकल येताना बांधावरच्या कुत्र्यालाही चाहूल लागलेली नाही. स्टार्टरचा खटका ऐकू येतो, पाइप थोडा वेळ नुसती हवा सोडतो, आणि मग पाणी येते. परतल्यावर तो बॅटरी काढून घरात आणतो; मीटरवर ५१.२ व्होल्ट आहेत आणि चार्जर पहाटेपर्यंत खुंटीवरच राहतो.