मोजलेली कोटी, मानलेली टक्कर

नमस्कार मंडळी. "अभिक्रियेची कोटी आणि मॉलेक्युलॅरिटी यांतला फरक स्पष्ट करा" हा प्रश्न रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोडवलेला असतो. दोन रकाने आखायचे, चार-पाच मुद्दे लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मीही तसंच केलं होतं. त्या रकान्यांमागे काय दडलंय, हे मला पुढे एका प्रयोगाच्या वेळी उमगलं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रयोग साधा होता. ॲसिटोन, आम्ल आणि थोडंसं आयोडीन पाण्यात एकत्र करायचं. ॲसिटोन आणि आम्ल भरपूर, आयोडीन अगदी कमी. सुरुवातीला द्रावण तपकिरी दिसतं. दर काही मिनिटांनी पिपेटने थोडं द्रावण काढायचं, सोडियम बायकार्बोनेटमध्ये सोडून अभिक्रिया तिथल्या तिथे थांबवायची आणि उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. शेवटी स्टार्च घातला की गडद निळा रंग येतो आणि एका थेंबासरशी नाहीसा होतो. तो थेंब नेमका पकडायचा.

आलेख काढताना माझी अपेक्षा अशी, की आयोडीन कमी होत जाईल तसा वेगही मंदावेल आणि रेषा हळूहळू वाकेल. ती वाकलीच नाही. पट्टी ठेवून काढावी तशी सरळ रेषा, थेट शून्यापर्यंत! मग आयोडीन दुप्पट घेऊन सगळं पुन्हा केलं. दुसरी रेषा पहिलीला समांतर आली. उतार तोच, फक्त वेळ दुप्पट लागला. आयोडीन अभिक्रियेत खर्च होतंय, समीकरणात त्याचा एक रेणू स्पष्ट लिहिलेला आहे, पण किती वेगाने खर्च व्हायचं यात त्याचं काहीच चालत नाही. आयोडीनच्या बाबतीत या अभिक्रियेची कोटी शून्य आहे.

याचं कारण आर्थर लॅपवर्थ यांनी 1904 मध्ये ब्रोमीनवर काम करताना ओळखलं होतं. ॲसिटोनला आधी आम्लाच्या मदतीने स्वतःचं रूप बदलावं लागतं. त्या रूपाला आपण इनॉल म्हणतो. हे रूपांतर हळू होतं. इनॉल तयार झालं रे झालं, की हॅलोजन त्याच्यावर झडप घालतं. मग ते हॅलोजन ब्रोमीन असो वा आयोडीन, आणि थोडं असो वा जास्त. थांबावं लागतं ते इनॉलसाठी.

कोटी म्हणजे हेच. कोणत्या पदार्थाची संहती, म्हणजे ठरावीक आकारमानातलं त्याचं प्रमाण, बदलली की वेग किती बदलतो, हे मोजून काढलेला घातांक. तो प्रयोगातूनच मिळतो, समीकरणाकडे पाहून सांगता येत नाही. म्हणूनच तो शून्य असू शकतो, दीड असू शकतो, ऋणही असू शकतो. ओझोनच्या विघटनात ऑक्सिजन वाढवला की वेग कमी होतो. तिथे ऑक्सिजनच्या बाबतीत कोटी उणे एक येते. हायड्रोजन आणि ब्रोमीनच्या अभिक्रियेत सुरुवातीच्या काळात ब्रोमीनचा घातांक अर्धा येतो. अर्धा रेणू कुठे असतो का, असं विचारणाऱ्याने कोटी आणि रेणूंची मोजदाद यांची गल्लत केलेली असते.

रेणूंची मोजदाद ही मॉलेक्युलॅरिटी. अभिक्रियेच्या एका प्राथमिक पायरीत, एका टकरीत, किती कण भाग घेतात तो आकडा. तो एक किंवा दोन असतो, क्वचित तीन. पूर्ण समीकरणाला मॉलेक्युलॅरिटी नसतेच. परमँगनेट आणि ऑक्झॅलेटचं समीकरण आठवा: दोन परमँगनेट, पाच ऑक्झॅलेट आणि सोळा हायड्रोजन आयन. एकूण तेवीस कण! हे सगळे एकाच क्षणी एकाच ठिकाणी येऊन भिडतील, ही कल्पनाच करवत नाही. समीकरण म्हणजे जमाखर्च. व्यवहार कसा झाला, ते त्यात लिहिलेलं नसतं.

साखरेच्या जलअपघटनाचं, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन साखर फुटण्याचं, उदाहरण तुम्हाला माहीत आहे. विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने त्याचा वेग मोजला आणि तो फक्त साखरेच्या प्रमाणात निघाला, म्हणजे कोटी एक. पाणीही भाग घेतं, पण लिटरमागे सुमारे 55 मोल पाण्यातून थोडंसं खर्च झालं तरी ते मोजमापात दिसत नाही. त्यावर जास्त थांबत नाही.

मला थांबायचंय ते सायक्लोप्रोपेनपाशी. हा वायू तापवला की त्याचा त्रिकोण उघडतो आणि प्रोपीन मिळतं. एकच रेणू आपला आपण बदलतो आणि कोटी एक येते. सगळं जुळलं. पण मग प्रश्न पडतो, की त्या एकट्या रेणूला बंध तोडण्याइतकी ऊर्जा मिळते कुठून? दुसऱ्या रेणूशी टक्कर होऊन. आणि टक्कर आली म्हणजे दोघे आले. तर कोटी दोन का येत नाही? लिंडेमान यांनी यावर सुचवलेलं उत्तर 1922 मध्ये प्रसिद्ध झालं. टकरीतून ऊर्जा मिळालेला रेणू लगेच बदलत नाही, मध्ये थोडा अवधी जातो. दाब जास्त असेल तर त्या अवधीत दुसरी टक्कर होऊन ती ऊर्जा बहुतेकदा परत जाते. ऊर्जा मिळणं आणि जाणं यांचा तोल राहतो आणि कोटी एक दिसते. दाब खूप कमी केला, की ऊर्जा काढून घ्यायला कोणी भेटत नाही. मग वेग ऊर्जा देणाऱ्या टकरींवरच ठरतो आणि कोटी दोनकडे सरकते. प्रयोगात तसंच दिसलं. तोच वायू, त्याच पायऱ्या, प्रत्येक पायरीची मॉलेक्युलॅरिटी तीच. फक्त दाब बदलला आणि कोटी बदलली. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ वही मिटून बसलो होतो.

आता हायड्रोजन आणि आयोडीन. बोडेनस्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वायू काचेच्या सीलबंद फुग्यांत तापवून वेग मोजले. कोटी हायड्रोजनसाठी एक, आयोडीनसाठी एक. समीकरणातही एकेक रेणू. मग साहजिकच सगळ्यांनी मानलं, की एक हायड्रोजन आणि एक आयोडीन भिडतात आणि दोन रेणू हायड्रोजन आयोडाइड घेऊन बाजूला होतात. कितीतरी वर्षं पुस्तकांत हेच आदर्श उदाहरण होतं.

1967 मध्ये सलिव्हन यांनी तेच वायू कमी तापमानाला ठेवले. तिथे नुसत्या उष्णतेने आयोडीनचे रेणू फारसे फुटत नाहीत. मग प्रकाश टाकून त्यांनी आयोडीनचे अणू मुद्दाम तयार केले. रेणू-रेणूंची टक्करच खरी असती, तर थोड्या जादा अणूंनी वेगात फरक पडायला नको होता. वेग वाढला, आणि तोही अणूंच्या संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे दोन आयोडीन अणू आणि एक हायड्रोजन रेणू असा मार्ग. आणि गंमत बघा, आयोडीनचा रेणू आणि त्याचे अणू समतोलात असतील तर अणूंच्या संहतीचा वर्ग रेणूच्या संहतीच्याच प्रमाणात असतो. त्यामुळे या मार्गानेही कोटी तीच येते, एक आणि एक. नुसता वेग मोजून हे दोन मार्ग कधीच वेगळे करता आले नसते.

तिघे एकाच वेळी भिडतात, की आधी एक अणू हायड्रोजनला सैल चिकटतो आणि मग दुसरा येतो? सलिव्हन यांच्या प्रयोगाने जुना मार्ग खरोखरच बाद होतो का, यावरही नंतर वाद झाले. तिथली मॉलेक्युलॅरिटी दोन म्हणा की तीन म्हणा, ती मांडणाऱ्याला पुरावा द्यावाच लागतो आणि नवा पुरावा आला की ती बदलावी लागते. बोडेनस्टाइन यांनी त्या फुग्यांत मोजलेली कोटी मात्र या सगळ्या वादात कोणालाही बदलावी लागली नाही.