वायफाय नाही? तरी मुलींना वेबसाइट शिकवता येते

नमस्कार मंडळी! मी रविवारी मुंबईत मानखुर्दला मुलींना वेबसाइट बनवायला शिकवते, फुकट, आणि ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, तिथे वायफाय आहे का? अहो नसलं तरी चालतं. वेबपेज एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात, आणि ती म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये लिहायची, ब्राउझरमध्ये उघडायची, झालं. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर टाकत बसू नका, त्यातच दुपार जाते.

एक गोम आहे पण. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, मग इंडेक्स डॉट एचटीएमएलची गुपचूप इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी होते आणि डबल क्लिक केलं की परत नोटपॅडच! सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायला लावा. आणि प्लीज, अडली म्हणून तिच्या हातातला माऊस घेऊ नका, तोंडाने सांगा.

मजकूर मराठीतच ठेवा. आमच्याकडे एकीने आईच्या शिलाईचं रेटकार्ड केलं, साधा ब्लाउज, अस्तरचा ब्लाउज, फॉल-बिडिंग, आणि पेज उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा. का? तर कम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो, युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी, तिच्यात आपल्या ‘अ’चा नंबर २३०९, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तो तीन बाइट घेतो, इंग्रजी ‘ए’ एकच. ब्राउझरने ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून वाचले की झाला घोळ. फाइलच्या वरच्या हेड भागात मेटा चारसेट यूटीएफ-८ टाकलं, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते ब्राउझरला सांगितलं, रिफ्रेश मारलं, सगळं जागेवर. हे पुस्तकातून शिकवलं असतं तर पोरी झोपल्या असत्या.

मोबाइलचा हॉटस्पॉट मिळाला की मग धमाल, कुठलीही बातमी उघडा, हेडलाइनवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट (म्हणजे पेजचा कोड दिसतो), आणि तिथे ‘हार्बरवर मेगाब्लॉक’चं ‘उद्या सगळ्या शाळांना सुट्टी’ करा. एकच हशा! रिफ्रेश केलं की जुनी हेडलाइन परत, कारण बदल फक्त तिच्या ब्राउझरमध्ये झालेला, मूळ पेज जिथे ठेवलंय त्या सर्व्हरला पत्ताच नाही. पण त्याआधी स्क्रीनशॉट काढला असता तर? मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटकडे या मुली बरोबर संशयाने बघायला लागतात, मला तर हा तास सगळ्यात कामाचा वाटतो.

वेळ मात्र तुम्ही ठरवू नका, मुलींना विचारा नळाला पाणी कधी येतं, नाहीतर समोर रिकाम्या खुर्च्या. चला, पुढच्या व्हिडिओत त्याच रेटकार्डला सीएसएसने, म्हणजे पेज सजवायच्या भाषेने, रंग देऊ.