राष्ट्रीय उद्यानाची विभागणी: रेघ कुठे ओढायची?

एखाद्या राष्ट्रीय उद्यानाचा रंगीत नकाशा डोळ्यांसमोर आणा: उद्यान एकच, पण त्यातील प्रत्येक रंगाचा नियम निराळा आहे. गडद भागात संशोधकालाही परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याभोवतीच्या फिकट पट्ट्यात पायवाटा आहेत, आणि रस्ता, वाहनतळ व निवासाची सोय कडेच्या लहानशा तुकड्यात आटोपलेली आहे. युनेस्कोने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘मानव आणि जीवावरण’ कार्यक्रमातून गाभा (कडक संरक्षणाचा भाग), बफर (त्याभोवतीचा पट्टा) आणि संक्रमण क्षेत्र (माणसांच्या वावराचा कडेचा भाग) ही रचना जगभर पोहोचली. तत्त्व म्हणून ती कोणालाही पटते. वाद सुरू होतो तो रेघ नेमकी कुठून न्यायची, यावर.

जर्मनीतील बव्हेरियन फॉरेस्ट हे त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये स्थापन झाले. १९८३ च्या वादळात तेथील स्प्रूस या सूचीपर्णी वृक्षाची असंख्य झाडे उन्मळून पडली, आणि गाभ्यातील पडलेले लाकूड न उचलण्याचा निर्णय झाला. त्यानंतरच्या वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव झाला. जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा हा कीटक सालीखाली शिरून अंडी घालतो, त्याच्या अळ्या अन्नरस वाहून नेणारा थर कुरतडत जातात, आणि भलामोठा वृक्ष उभ्या उभ्या वाळतो. १९९० च्या दशकात डोंगरउतारच्या उतार करडे पडले, तेव्हा आसपासच्या रहिवाशांचा संताप स्वाभाविकच होता, कारण त्यांच्या दृष्टीने हे संरक्षण नसून निव्वळ दुर्लक्ष होते.

उद्यानाने यावर काढलेला मार्ग विभागणीचाच होता. गाभ्यात भुंगेऱ्याला हात लावायचा नाही. मात्र हद्दीलगत किमान ५०० मीटर रुंदीच्या पट्ट्यात कीड लागलेले झाड शोधून तोडायचे, म्हणजे शेजारच्या खासगी जंगलांना झळ पोहोचत नाही. या पट्ट्याची रुंदी शोभेसाठी ठरलेली नाही, तर कीटक किती दूर पसरतो हे पाहून ठरलेली आहे. आत, मेलेल्या खोडांच्या आडोशाने स्प्रूस आणि रोवन या पानगळीच्या झाडाची नवी रोपे आपोआप उगवली, आणि कुजत्या लाकडावर जगणाऱ्या दुर्मीळ बुरशींना व कीटकांना घर मिळाले.

समुद्रात तर कुंपणही घालता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटर आहे, आणि २००४ पूर्वी त्याचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग मासेमारीला पूर्ण बंद होता. तोही मुख्यतः प्रवाळांचा, सागरतळावरील गवताचा किंवा चिखलाचा फारसा नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांनी उद्यानाचे ७० जैविक प्रदेश आखले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग संरक्षित असावा असा दंडक घातला. लोकांकडून दोन टप्प्यांत ३१,००० हून अधिक लेखी सूचना आल्या, रेघा पुष्कळ ठिकाणी सरकल्या, आणि जुलै २००४ पासून सुमारे एक तृतीयांश उद्यान ‘हिरवे क्षेत्र’ झाले, जिथे बोट नेता येते, पोहता येते, पण गळ टाकता येत नाही. त्याहून सैल नियमांच्या पिवळ्या क्षेत्रात गळाने मासे धरायचे तर माणशी एक दोरी आणि एक गळ एवढीच मुभा आहे. हद्दी ‘प्रवाळाच्या कडेपासून इतके मीटर’ अशा न सांगता अक्षांश-रेखांशांत दिल्या गेल्या. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण भरतीच्या पाण्यात बुडालेली प्रवाळाची कड बोटीवरच्या माणसाला दिसत नाही, जीपीएसवरचा आकडा दिसतो.

हिरव्या क्षेत्रांत मासे वाढले आणि आकारानेही मोठे झाले, हे नंतरच्या पाहणीत दिसून आले. मात्र २०१६ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरे पडू लागले, तेव्हा हिरव्या क्षेत्रातील प्रवाळही त्यातून सुटले नाहीत. विभागणीमुळे मासेमारीचा ताण तेवढा हलका होतो. समुद्राचे तापमान आणि नद्यांतून वाहत येणारा गाळ व खते यांना आवर घालणारे निर्णय उद्यानाच्या हद्दीबाहेर घ्यावे लागतात.