कडप्प्याच्या ओट्यावर व्हिनेगर? थांबा!

नमस्कार मंडळी! आधी एक काम उरकते, मग निवांत बोलू.

(कॅमेरा नळाजवळ)

आमच्याकडे बोअरचं पाणी. नळाला क्षार कसे चढलेत बघा, नखाने खरवडूनही निघत नाहीत. एक कप कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवलंय. लिंबूसत्त्व म्हणजे आपलं सायट्रिक ॲसिड, वाण्याकडे पुडी मिळते. जुन्या बनियनचं फडकं त्यात भिजवायचं, नळाला गुंडाळायचं, वरून रबरबँड. आणि नळाखाली हे पातेलं. ते कशाला, ते कळेलच. अर्धा तास राहू दे.

तर ही पातेल्याची अक्कल मला नुकसान होऊन आलेली आहे. मागे कुठल्याशा व्हिडिओत बघून मी ओटा व्हिनेगरने पुसला होता. काळाभोर कडप्पा, चांगला गुळगुळीत. वाळल्यावर बघते तर मधोमध राखाडी, निस्तेज चट्टा. साबणाने धुतला, तेल चोळलं, काही नाही. कारण तो डाग नव्हताच, दगडच झिजला होता.

ही फरशीची कपची घेतलीय, कडप्प्याचीच. वर लिंबाचा एक थेंब टाकते. जवळून बघा, कडेने बारीक बुडबुडे येतायत. आता पुसते आणि उजेडात तिरकी धरते. थेंब होता तेवढीच जागा खरखरीत झालीय, दिसली? नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. आणि कडप्पा हा चुनखडीचा दगड, म्हणजे तोही कॅल्शियम कार्बोनेटच. शहाबादी, कोटा, संगमरवर, सगळे त्याच कुळातले. जे आम्ल नळाचे क्षार खातं, ते ओटाही खाणार. त्याला काय माहीत कुठे थांबायचं! म्हणून ते पातेलं. ठिबकलं तर पातेल्यात पडू दे, ओट्यावर नको.

अशा ओट्याला कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण पुरे. ते सालींचं बायोएन्झाइम करता ना, एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने धीर? तेही आंबटच असतं. तेही इथे नको. सिरॅमिक टाइल्सवर वापरा खुशाल.

आता दुसरं टोक, मेणचटपणा. एक्झॉस्ट फॅनवरचा तो पिवळा, बोटाला चिकटणारा थर. तिथे लिंबू चोळत बसलात तर हात दुखतील, बाकी काही नाही. तेलकटाला अल्कली लागते. खायचा सोडा त्यासाठी फारच मवाळ. धुण्याचा सोडा घ्या, लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे, आणि हातमोजे घालूनच. तो काही तेलाचा साबण करतो, म्हणून थर सुटतो. चुलीच्या राखेने तेलकट भांडी निघायची ती याचमुळे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, आणि वर घासायला खरखर. तांब्या-पितळेला मात्र राखेनंतर चिंच लागायचीच, कारण तिथला काळपटपणा आम्लानेच जातो. फॅनचं पातं ॲल्युमिनियमचं असेल तर धुण्याचा सोडा लावू नका, काळं पडतं.

खायचा सोडा मग कुठे? कपाच्या तळाशी चहाचा डाग बसतो तिथे. ओल्या बोटावर चिमूटभर घ्या आणि चोळा. ओरखडे न पाडता निघतो.

आता सगळ्यांचा लाडका प्रयोग, सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फस्सकन फेस येतो, बघायला मजा येते, व्ह्यूजही मिळतात! पण तो फेस म्हणजे दोघांची मारामारी. चमचाभर सोड्याला 5 टक्क्यांचं साधारण 70 मिली व्हिनेगर मिळालं की दोन्ही संपतात. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी. फेसाने कचरा थोडा हलेल, पण म्हणून ‘दुप्पट ताकद’ वगैरे काही नाही. आणि हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावू नका. गॅस कोंडतो आणि बाटली फुटू शकते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. ब्लीच आणि कुठलंही आम्ल कधीही एकत्र करायचं नाही. व्हिनेगर नाही, लिंबूसत्त्व नाही आणि टॉयलेट क्लीनर तर मुळीच नाही, त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू निघतो. आपली संडास-बाथरूम म्हणजे एवढीशी खोली, दार लावलेलं. दिवाळीच्या साफसफाईत ‘आज दोन्ही टाकते, लख्ख होईल’ असा मोह होतोच. टाकलंच चुकून, तर घासत बसू नका, नाक दाबून बाहेर या, दारं-खिडक्या उघडा. ब्लीचमध्ये अमोनियाही नको, त्यातूनही विषारी वायू निघतो.

आणि घरी केलेलं काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. मार्करने मोठ्ठं नाव लिहा, तारीख टाका. लिंबूसत्त्वाचं पाणी दिसायला अगदी साध्या पाण्यासारखंच असतं.

चला, अर्धा तास झाला. फडकं सोडते. (कॅमेरा नळाजवळ) हे बघा, जुन्या टूथब्रशचे दोन हात फिरवले आणि निघालं. आता साध्या पाण्याने धुवायचं, आम्ल नळावर तसंच ठेवायचं नाही. मागच्या बाजूला मात्र थोडं राहिलंय, फडकं तिथे नीट टेकलंच नव्हतं. परत बांधते. ते पातेलं द्या जरा इकडे.