आयसीयूतली सलाईनची बाटली: कुठली आणि किती

नमस्कार मंडळी. आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक आम्हा डॉक्टरांना हमखास म्हणतात, डॉक्टर अजून एक बाटली लावा ना, भारीतली लावा, पैशांचं बघतो आम्ही. त्यामागची माया कळते हो, पण सलाईन हेही औषधच आहे, त्यालाही डोस असतो आणि महागाचं ते चांगलं असं तर इथे अजिबात नाही.

स्टार्च (पिष्ट) मिसळलेल्या सलाईनच्या बाटल्यांचंच बघा. साधं सलाईन नसांमधून बाहेर झिरपतं, अंगावर सूज येते, स्टार्चचे मोठे कण मात्र रक्तातच राहतील आणि बीपी टिकेल असा हिशोब होता, ऐकायला पटतोही, म्हणून वर्षानुवर्षं जगभर ते दिलं गेलं. मग २०१२ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ७००० पेशंटवर झालेल्या चाचणीत स्टार्चवाल्यांना डायलिसिस जास्त लागलं, आणि युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडतात त्या आजाराच्या) पेशंटमध्ये ९० दिवसांत स्टार्चवाले ५१ टक्के गेले, रिंगर्सवाले (म्हणजे रक्तातल्या क्षारांशी मिळतंजुळतं साधं सलाईन घेतलेले) ४३ टक्के. केवढा फरक आहे हा! अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तर अजून महाग, पण २००४ च्या मोठ्या चाचणीत एकूण मृत्यू साध्या सलाईनइतकेच, आणि डोक्याला मार लागलेल्यांत उलट जास्त.

मग राहिलं नॉर्मल सलाईन (नुसतं मीठ-पाणी) आणि रिंगर लॅक्टेट (आरएल), दोन्ही स्वस्त. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराईड (मिठातला एक घटक) लिटरला १५४ मिलिमोल, आपल्या रक्तात साधारण १००, त्यामुळे ते भरपूर गेलं की रक्तातलं अ‍ॅसिड वाढतं. अमेरिकेतल्या २०१८ च्या अभ्यासात आरएलसारखी द्रवं किडनीसाठी थोडी बरी ठरली, नंतर ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात तसा फरक दिसला नाही. मी स्वतः बहुतेकांना आरएलच लावते, डोक्याला मार असेल तर नॉर्मल सलाईन.

पण मला जास्त काळजी वाटते ती किती द्यायचं याची. २०११ साली युगांडा, केनिया, टांझानियात तापाने गंभीर झालेल्या, शॉकची (रक्तपुरवठा कमी पडल्याची) लक्षणं असलेल्या ३००० हून जास्त मुलांवर अभ्यास झाला (जुलाबवाली मुलं त्यात नव्हती, त्यांना पाणी लागतंच) आणि भराभर बाटली चढवलेल्यांपैकी ४८ तासांत साडेदहा टक्के मुलं गेली, न चढवलेल्यांपैकी सात टक्क्यांच्या आसपास. म्हणून आम्ही थोडं देतो, पाय वर उचलून बीपी, नाडी बघतो, सोनोग्राफीने हृदय बघतो, गरज नसेल तर थांबून बीपी वाढवणारं औषध चालू करतो.

तेव्हा डॉक्टरांना अजून बाटली लावा म्हणण्याऐवजी विचारा, आज लघवी किती झाली आणि आत गेलेलं-बाहेर आलेलं याचा हिशोब काय. हे विचारलेलं आम्हाला आवडतंच.